सूत्रधाराने काय लपवावे?

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी उत्तरपत्रिकेत लिहिलेली असते. तिच्या पाठोपाठ ठरावीक वाक्ये येतात. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदे म्हणत, पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने बोलत, राक्षस आरडाओरडा करीत थयथयाट घालीत, आणि गद्य भाषणे लिहून ठेवलेली नसत. नट ती आयत्या वेळी रचीत. या शेवटच्या वाक्याशी पोचल्यावर आपल्या वाङ्मयेतिहासाचा सूर किंचित दयाळू होतो. संहिता नव्हती, म्हणजे ती बाल्यावस्था होती. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांचे १८८० चे ‘शाकुंतल’ अजून यायचे होते, असा तो सूर. ही दया अनाठायी आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे, आणि तसे वाटण्याचे कारण रंगभूमीवर नसून एका खेळात आहे.

खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने तो प्रसिद्ध केला, आणि त्यातून ‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाची एक अख्खी जातकुळीच पुढे निघाली. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जग उभे करतो: इथे किल्ला आहे, पाऊस पडतो आहे, दाराशी म्हातारी बसली आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय बोलते, काय करते, ते स्वतः सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. लिहिलेली भाषणे नाहीत, पाठांतर नाही, प्रेक्षकही नाहीत. जग उभे करणाऱ्याला इंग्रजीत ‘गेम मास्टर’ म्हणतात. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो, आणि हे केवळ भाषांतर नव्हे. भाव्यांच्या सूत्रधाराचे काम जवळजवळ हेच होते. तो प्रसंग मांडून देई आणि त्या प्रसंगात काय बोलायचे ते पात्रांवर सोडी.

फरक एकच, पण तो मोठा आहे. सीता कोणाला माळ घालणार हे सांगलीच्या दरबारात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नटाने कितीही पाल्हाळ लावले तरी धनुष्य मोडायचे ते रामाच्याच हातून. खेळाच्या टेबलावर शेवट कोणालाच माहीत नसतो. लढाई असो, प्रवास असो, खजिन्याचा शोध असो, हे अज्ञान सुखावह ठरते. परंतु त्या टेबलावर रहस्यकथा मांडायची म्हटली की घोटाळा सुरू होतो. खून झाला आहे, कोणी केला ते शोधा, एवढेच सूत्रधार म्हणतो, आणि तासाभरात एक तर खेळणारे जांभया देऊ लागतात, नाही तर सूत्रधार घायकुतीला येऊन अपराध्याचे नावच सांगून टाकतो. हा खेळ खेळणाऱ्यांत ही तक्रार फार जुनी आहे, आणि तिचे मूळ वाङ्मयीन आहे असे आमचे मत आहे.

रहस्यकथा हा लेखकाच्या मुठीत सर्वांत घट्ट असलेला प्रकार. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांत धनंजय काही तरी पाहतो, मनाशी हसतो, आणि छोटूला (म्हणजे आपल्याला) काहीएक न सांगता पुढे निघतो. उलगडा शेवटी. तोवर वाचकाने धनंजयाच्या बुद्धीवर विश्वास ठेवून पाने उलटावीत असा हा करार असतो, आणि तो दोन्ही पक्षांना मान्य असल्याने मजा येते. टेबलावर मात्र धनंजय कोणी नसतो. जे बसलेले असतात ते सगळे छोटू, आणि त्या सहा छोटूंनीच उलगडा करायचा असतो. अशा वेळी सूत्रधार अर्नाळकरांच्या पद्धतीने पत्ते छातीशी धरून बसला, तर खेळ उभाच राहू शकत नाही. लपवणे हे रहस्यकथेच्या लेखकाचे कौशल्य असेल. रहस्याच्या सूत्रधाराचे कौशल्य देण्यात आहे. हा लेख लिहिण्याचे प्रयोजन एवढेच.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. विहीर अष्टकोनी आहे, तिच्यावर एका वेळी बारा मोटा चालत, आणि नवल म्हणजे विहिरीच्या पोटातच एक छोटेखानी महाल आहे. पायऱ्या उतरून गेलेल्या माणसाला पाण्याच्या वर, जमिनीच्या खाली, दगडी खांबांच्या मध्ये उभे राहता येते. अद्भुतकथेला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही. ज्या खेळाचा वृत्तांत आम्ही पुढे देत आहोत, त्यातली विहीर या विहिरीवरूनच घेतलेली होती. गाव कल्पित, राज्य कल्पित, काळ कोणताच नाही. खेळणारे सहा जण सातारा-सांगलीकडचे, साहित्याचे विद्यार्थी. सूत्रधार आमच्यातलाच एक.

कथाबीज असे. बारा मोटांपैकी आठवी मोट रात्री रिकामी वर येते. गावकरी म्हणतात, विहिरीत वेताळ शिरला आहे, तो पाणी पितो. त्याच सुमारास पाण्याच्या पाळ्या लिहिणारा कारकून नाहीसा झाला आहे. सूत्रधाराला ठाऊक असलेले सत्य असे: इनामदाराच्या माणसाने पाळ्यांच्या वहीत खाडाखोड केली, कारकुनाने ती पाहिली, आणि जिवाच्या भीतीने तो पळाला. म्हाताऱ्या मोटकऱ्याने त्याला विहिरीतल्या महालात लपवले. आठव्या मोटेच्या बरोबर खाली त्या महालाचा झरोका येतो. तिथे कोणी मोट धरू नये म्हणून मोटकऱ्याने मोटेचा सोंदूर वीतभर सैल करून ठेवला आहे.

इथे पहिला प्रश्न उभा राहतो. सोंदूर म्हणजे काय, हे आजच्या साताऱ्यातल्या किती मुलांना सांगता येईल? मोटेला दोन दोर असतात. नाडा मोट वर ओढतो. सोंदूर मोटेची सोंड सावरून धरतो आणि मोट काठावर आली की ती थारोळ्याकडे वळवतो. सोंदूर सैल असला तर सोंड वाटेतच खाली लोंबते, पाणी परत विहिरीत सांडते, मोट रिकामी येते. ज्याने आयुष्यभर मोट हाकली त्याला हे बघताक्षणी कळेल. विजेच्या पंपावर वाढलेल्या मुलाला जन्मभर कळणार नाही. पण त्या सहा जणांपैकी एकीने घेतलेले पात्र मोटकऱ्याच्या घरातले होते. तिला कळत नव्हते. तिच्या पात्राला कळायलाच हवे होते. मग सूत्रधाराने काय करावे? जुन्या पद्धतीचे उत्तर: फासे टाकायला लावावे, दान पडले तर सांगावे, न पडले तर गप्प बसावे.

या गप्प बसण्याने फार नुकसान झालेले आहे. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर सँडी पीटरसन यांनी १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ रचला. लढाईपेक्षा शोधाला महत्त्व देणारा तो पहिला मोठा खेळ. त्याचे ऋण मानल्याशिवाय या विषयावर बोलता येत नाही. पण त्यातही सुगावा सापडणे फाशांच्या दानावर असे, आणि दान चुकले की कथा जागच्या जागी अडे. पुढे रॉबिन लॉज यांनी ‘गमशू’ नावाची पद्धती काढली आणि ही अडचण मुळातून उपटली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पात्राच्या अंगी योग्य ते ज्ञान असेल आणि ते योग्य जागी पाहत असेल, तर मुख्य सुगावा त्याला मिळालाच पाहिजे. फासे नाहीत, परीक्षा नाही. रस आहे तो सुगाव्याचा अर्थ लावण्यात. सुगावा मिळतो की नाही यात कसला आला आहे रस?

साहित्याच्या शिक्षकांना हे ऐकून काही आठवायला हवे. जुनी कविता शिकवताना थारोळे, धाव, वडवान हे शब्द आले की शिक्षक अर्थ सांगून मोकळा होतो. तो मुलांना ओळखायला लावीत नाही, कारण कवितेचे मर्म शब्दार्थात नाही हे त्याला ठाऊक असते. शब्द कळल्यावरच खरी वाचनाची पंचाईत सुरू होते. सूत्रधाराने सोंदुराचा अर्थ त्या मुलीला सरळ सांगितला: ‘तुझ्या लक्षात येते की सोंदूर वीतभर सैल आहे, आणि गाठ नवी आहे.’ सैल का केला, कोणी केला, हे त्याने सांगितले नाही. ते त्याचे काम नव्हते.

दुसरी युक्ती जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये लिहून काढली आणि ती आता या खेळांत म्हणीसारखी झाली आहे: खेळणाऱ्यांनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्याच्यापर्यंत नेणारे निदान तीन सुगावे ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा कामी येईल. व्यवहार म्हणून हे उत्तमच आहे आणि नवख्या सूत्रधाराने ते डोळे मिटून पाळावे. परंतु साहित्याच्या माणसाला त्यात एक उणीव दिसते. ती दाखवायला आम्हांला पुन्हा सांगलीकडे यावे लागेल. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या गोविंद बल्लाळ देवलांकडे.

देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले. त्यातला न्यायसभेचा प्रसंग रहस्याच्या प्रत्येक सूत्रधाराने वाचावा. वसंतसेनेचा गळा शकाराने दाबला आहे आणि आळ चारुदत्तावर घातला आहे. साक्षी कोणत्या होतात पाहा. वसंतसेनेची आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती: खरे. वीरक सांगतो, चारुदत्ताची गाडी त्या उद्यानाकडे जाताना पाहिली आणि तीत वसंतसेना आहे असे आपल्याला सांगण्यात आले: हेही खरे. उद्यानात एका स्त्रीच्या प्रेताचे अवशेष सापडतात: खरे. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय भर सभेत भांडायला उठतो आणि त्याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात: अगदी खरे. आरोप खोटा, पण त्याला टेकू देणारा एकही पुरावा खोटा नाही, आणि चारी पुरावे मिळून एका निरपराध माणसाला वधस्तंभाकडे नेतात. न्यायाधीश वाईट नाही. त्याचे मन ग्वाही देत नाही, तो हद्दपारी सुचवतो. मृत्यूची शिक्षा राजा पालक देतो. तिकडे वसंतसेना जिवंत आहे.

तेव्हा सुगाव्यांच्या संख्येवर सत्य अवलंबून नसते. तीनच काय, चार सुगावेही एका ओळीत उभे राहून खोटे वदवू शकतात. शूद्रकाच्या न्यायसभेत जे घडत नाही ते एवढेच की, ते प्रेत कोणाचे, असे कोणी विचारत नाही. आमच्या मते तीन सुगाव्यांच्या नियमाला एक पुरवणी जोडायला हवी. खोट्या निष्कर्षाकडे जाणाऱ्या वाटेवर सूत्रधाराने एक तरी खडा ठेवलेला असावा. पायाला टोचेल असा, परंतु टोचला तरी चालत राहता येईल असा. खडाच नसेल तर ती फसवणूक. खडा इतका मोठा असेल की वाटच बंद व्हावी, तर सूत्रधार खेळणाऱ्यांना कानाला धरून नेतो आहे.

देवलांचे दुसरे नाटक या बाबतीत आणखी उपयोगी आहे, कारण त्यात अपराधच नाही. ‘संशयकल्लोळ’ मूळ मोलिएरचे, १६६० चे. तिथून ते आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी रूपांतरात आले, आणि तिथून देवलांकडे. आधी गद्य नाटक झाले, मग १९१६ मध्ये संगीत. (पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्याची गंमत देवलांची स्वतःची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या; कृत्तिका, रेवती. हे रूपांतर नव्हे, नवा बारसा आहे.) नाटकाचा सारा डोलारा एका वस्तूवर उभा आहे: अश्विनशेठची तसबीर. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि तिच्या जवळची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते, पुढे फाल्गुनरावाच्या हाती, आणि तिथे ती खुद्द अश्विनशेठच्या दृष्टीस पडते. वस्तू एकच. ज्याच्या डोळ्यांसमोर येईल तो तिच्यातून आपल्याला हवा तो विश्वासघात वाचून काढतो. फाल्गुनरावाला बायकोचा यार दिसतो. अश्विनशेठला प्रेयसीचा नवा आश्रयदाता. प्रत्येकाचा तर्क आपापल्या परीने निर्दोष आहे. पाहिले तेवढेच जग आहे असे मानले, तर दुसरा निष्कर्ष निघतच नाही.

सूत्रधाराला यातून जे शिकायचे ते असे की, सुगावा ही कुलपाची किल्ली नसून तसबीर आहे. किल्ली एकाच कुलपाला लागते. पुष्कळ सूत्रधार सुगावे किल्ल्यांसारखे घडवतात: चिठ्ठी, तीत खुन्याचे अर्धे नाव, अंगठी, तिच्यावर घराण्याची मुद्रा. असल्या सुगाव्यापुढे खेळणाऱ्याला करण्यासारखे उरते काय? तसबिरीपुढे मात्र माणूस आपला स्वभाव दाखवतो. कोणत्या पात्राने कोणता अर्थ लावला, यावरून ते पात्र कोण आहे ते टेबलावर उघड होते, आणि भाव्यांच्या नटांना पदाच्या आधाराने जसे बोलणे सुचे तसे खेळणाऱ्यांना बोलणे सुचू लागते. आमच्या खेळात सूत्रधाराने ठेवलेल्या तसबिरी साध्या होत्या. मोटकऱ्याच्या तळव्याला दोराने कापल्याची ताजी जखम. त्याच्या घरातून रोज संध्याकाळी विहिरीकडे जाणारी फडक्यात बांधलेली शिदोरी. आणि कारकून नाहीसा झाला त्या रात्री आपण घरी होतो हे त्याचे सांगणे, जे खोटे होते आणि शेजारणीने तसे सांगितलेही. पण त्यांकडे येण्याआधी अद्भुताचा निकाल लावला पाहिजे.

अद्भुताच्या जगात रहस्यकथा टिकतच नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जिथे मंत्र टाकून मेलेल्याला बोलते करता येते, खोटे बोलणाऱ्याची जीभ बांधता येते, मनातले वाचता येते, तिथे शोध कसला? प्रेताला विचारा, तुला कोणी मारले, झाले. काही सूत्रधार घाबरून हे मंत्र बंदच करतात. आम्हांला ही भीती वाङ्मयाच्या अपुऱ्या ओळखीतून आलेली वाटते.

कारण प्रेताशी बोलण्याची आपली सर्वांत प्रसिद्ध कथा कोणती? सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तून घराघरांत पोचलेली वेताळाची. तिथे प्रेत बोलते, पण उत्तर देत नाही, प्रश्न विचारते. विक्रमाच्या खांद्यावर बसून ते एक गोष्ट सांगते आणि शेवटी निवाडा मागते: यात दोषी कोण, थोर कोण, नवरा कोणाला म्हणावे? कळत असून गप्प राहिलास तर मस्तक फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. सगळी माहिती राजापुढे आहे, काहीही लपवलेले नाही, आणि तरीही प्रश्न उरतोच. शेवटच्या कोड्याला राजाजवळ उत्तर नसते, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच वेताळ त्याला खरा कट सांगतो: ज्या भिक्षूसाठी हे प्रेत वाहतोस तोच तुझा बळी देणार आहे. म्हणजे मेलेला बोलला तर रहस्य संपते हे खरे नाही. मेलेल्याला काय ठाऊक आहे आणि तो काय मागतो, यावर ते अवलंबून असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीतही प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात, जिवंतपणी जे माहीत होते तेवढेच ते जाणते, आणि त्याची उत्तरे त्रोटक नि कोड्यात असतात. पाठीत वार झालेल्या माणसाला मारेकऱ्याचा चेहरा कसा ठाऊक असणार? फार तर पायांतल्या वहाणांचा आवाज.

खोटे बोलू न देणाऱ्या मंत्राचेही तेच. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी धर्मराज जे बोलला त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. अशा मंत्राच्या कक्षेत उभा असलेला धूर्त माणूस खोटे बोलणारच नाही. तो खरे निवडून बोलेल. खेळणाऱ्यांना मग शब्द ऐकण्याऐवजी गाळलेले शब्द ऐकावे लागतील. साहित्याच्या विद्यार्थ्यांना याहून योग्य व्यायाम दुसरा कोणता, ते आम्हांला सुचत नाही. अद्भुताला नियम असले म्हणजे झाले. नियम सूत्रधाराने आधी सांगावेत आणि स्वतः मोडू नयेत.

आता एका नव्या मताचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण तरुण मंडळींत त्याचे आकर्षण वाढते आहे आणि ते आकर्षण समजण्यासारखे आहे. जेसन कॉर्डोव्हा यांच्या ‘ब्रिंडलवूड बे’ या खेळात वृद्ध स्त्रिया गावातल्या खुनांचा छडा लावतात. त्यात खुनी कोण हे सूत्रधारालाही आधी ठाऊक नसते. खेळणाऱ्या आजीबाई सुगावे जमवतात, त्यांतून एक उपपत्ती मांडतात, फासे टाकतात, आणि दान चांगले पडले तर ती उपपत्ती खरी ठरते. वाचक अर्थ निर्माण करतो, हे गेल्या अर्धशतकातल्या समीक्षेने आपल्याला इतके बजावले आहे की, त्याचाच हा खेळरूप अवतार पाहून साहित्याच्या प्राध्यापकाला आनंद व्हावा. खेळणाऱ्यांना ही अट आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे त्यात लबाडीही नाही. तरीही आमचे मन तिथे रमत नाही.

का, ते वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर उभे राहिले की कळते. नाना फडणविसांच्या वाड्याखाली, कृष्णेच्या काठी, देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. काहीच ठाऊक नसलेल्या माणसाने ही घंटा पाहिली तर तो दहा उपपत्ती मांडील: कोणा पाद्र्याने भेट दिली, कोणा सरदाराने हौसेने ओतवून घेतली, ख्रिस्ती झालेल्या कोणी नवस फेडला. यांतली एखादी उपपत्ती फार सुंदरही असेल. पण ती घंटा वसईच्या विजयानंतर, १७३९ नंतर, पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी आहे, आणि तिच्यामागे वेढा आहे, दोन्ही बाजूंना पडलेली माणसे आहेत. कितीही फासे टाकले तरी ते बदलत नाही. अर्थ आपण लावतो. घडलेले आपण घडवीत नाही. रहस्याच्या खेळात जे पणाला लागते ते हेच. खेळणारे चुकू शकतात, म्हणूनच त्यांच्या बरोबर असण्याला किंमत आहे. जिथे उपपत्ती फाशांनी खरी ठरते, तिथे निरपराध माणूस सुळी जाऊच शकत नाही. ज्याला तुम्ही सुळी दिलेत तो अपराधी होताच, असे खेळ तुम्हांला सांगतो. चारुदत्ताच्या न्यायसभेला यापेक्षा सोयीचा कायदा मिळाला नसता.

म्हणून सूत्रधाराने भूतकाळ पक्का ठेवावा आणि वर्तमान मोकळे सोडावे. घडलेले लिहून ठेवावे, हवे तर लखोट्यात घालून टेबलावर सर्वांसमक्ष ठेवावे. पुढे काय होईल ते मात्र लिहू नये. खेळणाऱ्यांनी खोट्या माणसाला धरले तर त्यांना धरू द्यावे. पुष्कळ सूत्रधारांचा हात इथे थरथरतो; ते शेवटच्या क्षणी नवा साक्षीदार आणतात, स्वप्न पाडतात, देवदूत धाडतात. देवलांच्या नाटकात गैरसमज शेवटी फिटतो आणि वसंतसेना वधस्तंभापाशी वेळेवर पोचते, हे खरे. नाटककाराला तो अधिकार आहे, कारण सुळी जाणारा आणि सुळी देणारा दोन्ही त्याचेच. टेबलावर सुळी देणारे खेळणारे असतात. त्यांचा निवाडा त्यांच्या हातून काढून घेणे हा त्यांचा अपमान होय.

आमच्या त्या खेळात तसेच झाले. दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस सहाही जणांचे एकमत झाले: मोटकऱ्याने कारकुनाला मारले, प्रेत विहिरीत टाकले, आणि वेताळाच्या नावाने रोज संध्याकाळी नैवेद्य नेऊन तो पाप झाकतो आहे. जखम जुळली, खोटे बोलणे जुळले, शिदोरी जुळली. सोंदुराची नवी गाठ मोटकऱ्याचीच, हे त्या मुलीने स्वतः पटवून दिले, आणि तिचे म्हणणे बरोबरच होते. प्रेत कोणी पाहिले आहे का, असे मात्र कोणी विचारले नाही. सूत्रधाराने दोनदा विचारले, ‘नक्की?’ तिसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी म्हाताऱ्याला इनामदाराच्या माणसाच्या हवाली केले. त्याने त्यांचे आभार मानले, बक्षीसही दिले.

तिसऱ्या बैठकीला सूत्रधाराने एवढेच सांगितले की दोन दिवस शिदोरी गेलेली नाही, आणि तिसऱ्या पहाटे विहिरीच्या पायऱ्यांवरून एक खंगलेला माणूस भिंतीला धरून वर येतो आहे. काठावर या वेळी इनामदाराचे दोघे पहारेकरी आहेत. तुम्ही वाड्यात झोपला आहात.

टेबलावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या मुलीने आपली वही मागे चाळली. पहिल्या बैठकीच्या पानावर, सूत्रधाराने शेजारणीच्या तोंडी घातलेले बोलणे तिने स्वतःच्या हाताने टिपून ठेवले होते: म्हातारा एकटाच राहतो, हल्ली दात नाहीत, आणि रोज चार भाकऱ्या थापतो.